यंत्रशाळेचे व्याकरण : उत्पादन-नियोजनाच्या प्रतिरूपण-भाषांचा इतिहास

१

यंत्रशाळेतील उत्पादनाचे नियोजन हा विषय सामान्यतः अभियांत्रिकीचा किंवा गणिताचा मानला जातो व त्याच्या इतिहासाची मांडणीही त्याच अंगाने करण्यात येते. तथापि ह्या इतिहासात १९५५ नंतरची सुमारे वीस वर्षे अशी आहेत की, भाषेचा विचार केल्याखेरीज त्यांचे स्वरूप नीट उलगडत नाही. ह्या काळात यंत्रशाळेचे काम गणकयंत्रात उभे करून ते तेथेच चालवून पाहण्याचे तंत्र निर्माण झाले. ह्या तंत्रास सिम्युलेशन हे नाव रूढ आहे. येथे त्यासाठी प्रतिरूपण हा शब्द योजिला आहे. हे तंत्र सिद्ध करीत असता त्याच्या प्रवर्तकांना एकामागून एक नव्या भाषा रचाव्या लागल्या आणि त्यांपैकी प्रत्येक भाषेने यंत्रशाळेत कर्ता कोणास मानावयाचे ह्याचा निराळा निर्णय केला. हा निर्णय केवळ तांत्रिक सोयीचा नव्हता, हे पुढे नॉर्वेतील धातुकामगारांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांवरून स्पष्ट झाले. त्या निर्णयाचा आणि त्याच्या परिणामांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम यंत्रशाळेचे वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. एकाच प्रकारचा माल अखंड काढणाऱ्या कारखान्यात प्रत्येक नग ठरलेल्या एकाच मार्गाने जातो. यंत्रशाळेचे तसे नसते. तेथे लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग अशी निरनिराळी यंत्रे असतात आणि प्रत्येक काम आपापल्या क्रमाने त्यांच्यावरून फिरते. ह्या कामास मराठी कामगारांच्या बोलीतही ‘जॉब’ हाच शब्द आहे व तोच येथे वापरला आहे. एखादा जॉब प्रथम लेथवर, मग ड्रिलवर व शेवटी ग्राइंडरवर जाईल. दुसरा ड्रिलवर सुरू होऊन लेथवर संपेल. परिणामी प्रत्येक यंत्रापुढे रांग लागते, आणि ‘आता ह्या यंत्रावर कोणता जॉब चढवावयाचा?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा सोडवावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रश्न मुकादम व अनुभवी कारागीर तोंडी सोडवीत आले. त्यांच्या निर्णयाला कारणे असत. परंतु ती लिहून ठेवलेली नसत.

२

हे तोंडी ज्ञान कागदावर आणण्याचा पहिला व्यापक प्रयत्न अमेरिकेत झाला. फ्रेडरिक टेलर ह्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यशाळा-व्यवस्थापनावरील ग्रंथात नियोजनाचे काम कारागिराकडून काढून स्वतंत्र नियोजन-कचेरीकडे द्यावे, असा आग्रह धरला. त्यांचे सहकारी हेन्री गँट ह्यांनी १९१० च्या दशकात आपले प्रसिद्ध तक्ते रूढ केले. ह्या तक्त्यात काळ आडव्या रेषेने दाखविला जातो आणि कोणते काम केव्हापासून केव्हापर्यंत चालेल, हे पट्ट्यांच्या रूपाने एका दृष्टिक्षेपात दिसते. गँटचा तक्ता हे एका अर्थी यंत्रशाळेचे पहिले लिखित वर्णन होय. परंतु त्यात एक उणीव होती. एखादे यंत्र बंद पडले किंवा एखाद्या जॉबला अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला, की पुढच्या सर्व पट्ट्या सरकवाव्या लागत. काय झाले आणि काय व्हावे, हे तक्ता सांगे. ‘असे झाले तर काय होईल’, हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्यात नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गणितज्ञांनी ह्या प्रश्नाकडे लक्ष दिले. १९५४ साली एस. एम. जॉन्सन ह्यांनी दोन यंत्रांवरून एकाच क्रमाने जाणाऱ्या जॉबांसाठी सर्वांत कमी वेळाचा क्रम ठरविण्याची सोपी व निर्दोष रीत दिली. हे यश मोठे होते. परंतु यंत्रांची संख्या वाढताच ती रीत अपुरी पडते. ५ यंत्रे व ५ जॉब घेतले आणि प्रत्येक यंत्रावर जॉबांचा क्रम कसाही लावता येईल असे धरले, तर संभाव्य रचनांची संख्या सुमारे २,४८८ कोटी होते. त्यांतील पुष्कळ रचना प्रत्यक्षात अशक्य असतात, हे खरे. तरी उरलेल्यांची संख्याही मोठीच असते. १० यंत्रे व १० जॉब घेतल्यास ही संख्या ६६ अंकी होते. १९६३ साली म्यूथ व थॉम्प्सन ह्यांनी संपादिलेल्या ग्रंथात फिशर व थॉम्प्सन ह्यांनी १० जॉब व १० यंत्रांचे एक उदाहरण दिले होते. त्याचे सर्वोत्तम उत्तर ९३० कालमाने आहे, हे कार्लिए व पँसाँ ह्यांनी १९८९ साली सिद्ध केले. म्हणजे ह्या एका उदाहरणाने सव्वीस वर्षे विद्वानांना गुंतवून ठेवले. जेम्स जॅक्सन ह्यांनी १९५७ व १९६३ साली रांगांच्या जाळ्यांचे सुंदर गणित मांडले. परंतु त्यासाठी जॉबांचे आगमन व यंत्रावरील वेळ ह्यांविषयी अशी गृहीते करावी लागतात की, ती कित्येक यंत्रशाळांना लागू पडत नाहीत.

ह्या परिस्थितीत निराळा मार्ग पुढे आला. उत्तर सूत्राने काढण्याऐवजी यंत्रशाळेचे प्रतिरूप गणकयंत्रात उभारावे, त्यात यदृच्छेने जॉब सोडावेत, कित्येक महिन्यांचे काम काही मिनिटांत चालवावे आणि काय घडते ते मोजावे, असा हा मार्ग होता. यदृच्छ अंकांच्या साहाय्याने गणना करण्याची रीत १९४६-४७ च्या सुमारास लॉस अलामॉस येथे उलाम व फॉन नॉयमन ह्यांनी पुढे आणली होती. तीच आता कारखान्याच्या प्रश्नांना लावण्यात आली.

अशा प्रयोगांचा लाभ कोणता, हे एका लहानशा उदाहरणाने दाखविता येते. एका लेथपुढे अनुक्रमे १, २ व ९ तासांचे तीन जॉब उभे आहेत असे मानू. लहान जॉब आधी घेतल्यास ते १, ३ व १२ व्या तासाला पुरे होतात. सरासरी सुमारे ५·३ तास येते. मोठा आधी घेतल्यास ते ९, ११ व १२ व्या तासाला पुरे होतात. सरासरी सुमारे १०·७ तास, म्हणजे दुप्पट होते. लेथ मात्र दोन्ही वेळा १२ तासच चालते. एका यंत्राचे हे गणित हाताने करता येते. परंतु अनेक यंत्रे, सतत येणारे नवे जॉब आणि अनिश्चित वेळा असतानाही हा नियम टिकतो काय, हे प्रतिरूपणाशिवाय कळणे कठीण होते. १९६० च्या दशकात रिचर्ड कॉन्वे व त्यांचे सहकारी ह्यांनी असे विस्तृत प्रयोग केले. १९६७ साली कॉन्वे, मॅक्सवेल व मिलर ह्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘लहान जॉब आधी’ ह्या नियमाने जॉबांचा सरासरी मुक्काम लक्षणीय कमी होतो, असे त्या प्रयोगांत दिसून आले. त्याचबरोबर एखादा मोठा जॉब बेसुमार रखडण्याचा त्यातील धोकाही लक्षात आला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जॉबला किती वेळ लागेल ह्याचा अंदाज असल्याशिवाय हा नियम चालत नाही, आणि तो अंदाज बांधणारा मनुष्य ह्या गणितात कोठेही दिसत नाही.

३

आरंभीच्या काळात प्रत्येक कारखान्यासाठी प्रतिरूप नव्याने लिहावे लागे. ते गणकयंत्राच्या सांकेतिक आज्ञांत लिहिलेले असल्यामुळे कारखान्यात थोडा बदल झाला तरी पुष्कळसे लेखन रद्द होई. ह्या अडचणीतून ‘वर्णनासाठी भाषाच हवी’ हा विचार निघाला.

इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे युनायटेड स्टील कंपनीच्या संशोधन-विभागात कीथ टोकर ह्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘जनरल सिम्युलेशन प्रोग्रॅम’ तयार केला. त्यांचा कारखाना पोलादाचा होता. परंतु त्यांनी केलेले विश्लेषण कोणत्याही यंत्रशाळेला लागू पडणारे होते. कारखाना म्हणजे यंत्रांचा समूह, आणि प्रत्येक यंत्र कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असते, अशी त्यांची मूळ कल्पना होती. काळ पुढच्या बदलापर्यंत सरकवावयाचा, त्या क्षणी संपणाऱ्या क्रिया संपवावयाच्या आणि नंतर ज्या क्रियांच्या अटी पुऱ्या झाल्या असतील त्या सुरू करावयाच्या, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. टोकर ह्यांच्या वर्णनात प्राधान्य क्रियेला आहे. जॉब असेल, यंत्र रिकामे असेल आणि कारागीर हजर असेल, तरच क्रिया सुरू होते. म्हणजे हे तिघेही क्रियेच्या अटी म्हणून येतात.

अमेरिकेत हॅरी मार्कोविट्झ ह्यांना अशाच अडचणीतून जावे लागले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्यांनी यंत्रशाळांच्या प्रतिरूपणासाठी तयार खंडांचा एक संच रचण्याच्या कामात भाग घेतला. एका कारखान्यासाठी केलेला खंड दुसऱ्या कारखान्यास जशाचा तसा चालावा, अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. प्रत्येक यंत्रशाळेच्या चालीरीती इतक्या भिन्न निघाल्या की, मोठे तयार खंड निरुपयोगी ठरू लागले. त्यापेक्षा लहान व सर्वसामान्य घटक द्यावेत आणि वाक्ये ज्याची त्याने रचावीत, हा धडा घेऊन ते रँड संस्थेत परतले. तेथे हाउस्नर व कार ह्यांच्यासह त्यांनी ‘सिमस्क्रिप्ट’ ही भाषा सिद्ध केली. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वस्तू, वस्तूंचे गुण, वस्तूंचे समूह आणि घटना असे चार मूलघटक आहेत. येथे प्राधान्य घटनेला आहे. ‘जॉब आला’, ‘काम संपले’ ह्या क्षणिक घटना होत आणि त्यांच्यामधील काळात वर्णनाच्या दृष्टीने काहीच घडत नाही. मार्कोविट्झ ह्यांना १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते निराळ्या संशोधनाबद्दल. परंतु ह्या विषयातील त्यांचा वाटाही कमी महत्त्वाचा नाही.

तिसरी भाषा आय.बी.एम. कंपनीत जेफ्री गॉर्डन ह्यांनी १९६१ साली तयार केलेली ‘जीपीएसएस’ ही होय. तिच्यात व्यवस्थेचे वर्णन चौकटींच्या आकृतीने करतात आणि त्या चौकटींतून जॉब प्रवास करतो. प्रत्येक चौकटीचे नाव हे आज्ञार्थी क्रियापद आहे : ताब्यात घे, थांब, सोड, संप. ही आज्ञा जॉबला उद्देशून आहे. जॉब लेथ ताब्यात घेतो, तिच्यावर वेळ काढतो आणि तिला सोडून पुढे जातो. ज्या वस्तूवर काम होते ती येथे कर्ता झाली असून, काम करणारे यंत्र तिच्या उपयोगाचे साधन झाले आहे.

ह्या तीन भाषांत एकाच यंत्रशाळेचे वर्णन केल्यास, योग्य काळजी घेतली असता, संख्यात्मक उत्तरे सारखी येतील. परंतु वर्णनातील प्राधान्य बदलते आणि त्याबरोबर कोणते प्रश्न सहज विचारता येतात हेही बदलते. जॉबाचा प्रवास सांगणाऱ्या भाषेत ‘हा जॉब किती रखडला?’ हा प्रश्न सोपा असतो. यंत्राच्या अवस्था सांगणाऱ्या भाषेत ‘हे यंत्र किती वेळ रिकामे राहिले?’ हा प्रश्न सोपा असतो. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास ह्यात विशेष नवल वाटू नये. एकाच प्रसंगाचे वर्णन करताना कोणास कर्ता करावयाचे हे बऱ्याच अंशी वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण म्हणून स्वातंत्र्य सांगितले आहे. त्या कसोटीने पाहता ह्या तिन्ही भाषांत कारागिराला स्वातंत्र्य नाही. जेथे त्याचा उल्लेख येतो तेथे तो मोजावयाच्या साधनांपैकी एक म्हणून येतो.

४

ह्या परंपरेतील सर्वांत दूरगामी भाषा नॉर्वेत निर्माण झाली. क्रिस्टेन न्यूगोर हे १९४८ पासून नॉर्वेच्या संरक्षण-संशोधन-संस्थेत गणनेचे व पुढे क्रिया-संशोधनाचे काम करीत होते. १९६० साली ते ऑस्लो येथील नॉर्वेजियन गणन-केंद्रात आले. गुंतागुंतीच्या व्यवस्थांचे वर्णन करण्यास प्रचलित संकेत अपुरे आहेत, ही जाणीव त्यांना ह्या कामातच झाली होती. १९६१ पासून त्यांनी अशा भाषेची आखणी सुरू केली व ओले-योहान डाल ह्यांच्या सहकार्याने ती तडीस नेली. ह्या भाषेचे नाव ‘सिम्युला’. तिचा पहिला अनुवादक-कार्यक्रम १९६४ च्या अखेरीस युनिव्हॅक ११०७ ह्या गणकयंत्रावर चालू लागला.

प्रारंभी न्यूगोर व डाल ह्यांच्या मनात रांगांच्या जाळ्याचे चित्र होते. स्थानके सक्रिय असून ग्राहक निष्क्रिय असतात आणि ते एका स्थानकाकडून दुसरीकडे पाठविले जातात, असे ते चित्र होते; यंत्रशाळेच्या भाषेत यंत्र कर्ता व जॉब कर्म, असे म्हणता येईल. परंतु काम पुढे गेल्यावर ही वाटणी भाषेनेच ठरवून देणे योग्य नाही, हे त्यांच्या लक्षात आले. कित्येक व्यवस्था ग्राहकाच्या बाजूने अधिक सुबोध होतात, कित्येक स्थानकाच्या बाजूने. म्हणून त्यांनी दोहोंसाठी ‘प्रक्रिया’ ही एकच कल्पना स्वीकारली. प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचे गुण असतात आणि स्वतःच्या कृतींचा क्रम असतो. ती काही वेळ चालते, थांबते आणि थांबल्या जागेपासून पुन्हा सुरू होते. आता लेथही कर्ता होऊ शकत होती, जॉबही, आणि लिहिणाऱ्याची इच्छा असल्यास कारागीरही.

१९६७ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील आवृत्तीत ह्या कल्पनेला व्यापक रूप मिळाले. होअर ह्यांच्या सूचनांचा उपयोग करून डाल व न्यूगोर ह्यांनी ‘वर्ग’ आणि ‘उपवर्ग’ ह्या संकल्पना आणल्या. यंत्र हा वर्ग. त्याचे सर्वसामान्य गुण एकदाच सांगावयाचे. लेथ हा त्याचा उपवर्ग. तिच्यापुरते विशेष तेवढे पुढे जोडावयाचे. आणि कारखान्यातील तिसऱ्या क्रमांकाची लेथ ही त्या उपवर्गातील एक व्यक्ती. जाती व व्यक्ती ह्यांचा विचार आपल्याकडे व्याकरण, न्याय व मीमांसा ह्या शास्त्रांनी विस्ताराने केलेला आहे. येथे तो विचार अगदी वेगळ्या गरजेतून गणनशास्त्रात आला. प्रतिरूपणासाठी घडलेली ही रचना पुढे सर्वच गणनशास्त्राची झाली. झेरॉक्सच्या संशोधन-केंद्रात विकसित झालेली ‘स्मॉलटॉक’ आणि ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप ह्यांनी १९७९ साली आरंभिलेली व पुढे ‘सी प्लस प्लस’ म्हणून प्रसिद्ध झालेली भाषा, ह्या दोहोंवर सिम्युलाचे ऋण आहे. डाल व न्यूगोर ह्यांना २००१ सालचे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले. दोघेही २००२ साली निवर्तले.

५

सिम्युलाचा इतिहास पुष्कळदा येथेच संपविण्यात येतो. परंतु न्यूगोर ह्यांच्या दृष्टीने तो येथे संपला नव्हता. ह्या भाषेत लिहिलेली प्रतिरूपे कामाची संघटना ठरविण्यासाठी वापरली जाणार आणि ज्यांच्या कामाचे स्वरूप त्यामुळे बदलणार, त्या कामगारांचा त्या वर्णनात काहीच वाटा नाही, ही गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत होती. १९७० नंतर त्यांनी नॉर्वेच्या लोह व धातुकामगार संघाबरोबर काम सुरू केले. गणकयंत्राच्या साहाय्याने होणारे नियोजन व नियंत्रण म्हणजे काय, त्याचा कामावर कोणता परिणाम होतो आणि संघटनेने त्याविषयी कोणती भूमिका घ्यावी, ह्याचा अभ्यास हा ह्या प्रकल्पाचा विषय होता. तो १९७३ पर्यंत चालला.

ह्या प्रकल्पाच्या वाटचालीत एक लक्षणीय बदल झाला. प्रारंभी तज्ज्ञांनी पाहणी करून अहवाल द्यावा, अशी योजना होती. तसे अहवाल कामगारांच्या उपयोगी पडत नाहीत असे आढळताच योजना बदलण्यात आली. प्रकल्पाचे फलित म्हणजे लिहिलेला अहवाल नसून, त्यामुळे संघटनेने मध्यवर्ती किंवा स्थानिक पातळीवर केलेली कृती होय, अशी नवी व्याख्या स्वीकारण्यात आली. निवडक कारखान्यांत कामगारांनी स्वतः अभ्यासगट चालविले, आपल्या कामाचे वर्णन आपल्या शब्दांत केले व व्यवस्थापनापुढे मागण्या मांडल्या. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकही तयार करण्यात आले.

ह्यातून स्थानिक करार झाले आणि १९७५ साली नॉर्वेतील कामगार-महासंघ व मालकांचा महासंघ ह्यांच्यात राष्ट्रीय पातळीवरील करार झाला. कारखान्यात गणकयंत्राधिष्ठित व्यवस्था आणण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींना तिची माहिती द्यावी, हे त्यात मान्य करण्यात आले. भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे त्यातील कलम निराळेच आहे. ही माहिती त्या विषयाचे विशेष ज्ञान नसलेल्या माणसालाही सहज समजेल अशा भाषेत दिली पाहिजे, असे बंधन करारात घालण्यात आले. कारखान्याच्या प्रतिरूपाचे वर्णन कोणत्या भाषेत असावे, हा प्रश्न गणनशास्त्रातून निघून औद्योगिक कराराचा विषय झाला, तो असा.

ह्याच सुमारास इंग्लंडमध्ये त्याच उणिवेकडे दुसऱ्या बाजूने लक्ष गेले. रॉबर्ट हरियन ह्यांनी १९७६ साली लंडन विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी उत्पादन-नियोजनाच्या प्रश्नांकरिता दृश्य व संवादी प्रतिरूपणाचा प्रबंध सादर केला. त्यांच्या पद्धतीत प्रतिरूप चालू असता त्याची स्थिती पडद्यावर दिसते आणि पाहणाऱ्याला ते थांबवून ‘येथे हा जॉब आधी घ्या’ असे सांगता येते. ज्या अनुभवी माणसाचे निर्णय नियमांत बसविता आले नव्हते, त्याला निर्णय घेण्यासाठी प्रतिरूपाच्या आत जागा मिळाली. ह्या दोन मार्गांतील फरक मात्र दृष्टीआड करता कामा नये. हरियन ह्यांच्या पद्धतीत अनुभवी माणूस तयार वर्णनात भाग घेतो. नॉर्वेतील कामगारांनी वर्णन कोणी करावे हाच प्रश्न विचारला होता.

६

आज कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या प्रतिरूपण-साधनांत पडद्यावर यंत्रे हलताना दिसतात, जॉब पुढे सरकतात व रांगा वाढताना दृष्टीस पडतात. वापरणाऱ्याला बहुधा एकही वाक्य लिहावे लागत नाही. त्यामुळे तेथे भाषा उरलीच नाही असा समज होणे शक्य आहे. परंतु तो बरोबर नाही. ‘अरेना’सारख्या साधनात चौकटींतून प्रवास करणारा घटक हा गॉर्डन ह्यांच्या परंपरेतला आहे, ‘प्लांट सिम्युलेशन’मधील वर्ग व वारसा ही कल्पना सिम्युलाची आहे. जुने व्याकरण चित्राच्या आड गेले आहे, इतकेच. आणि ते आड गेल्यामुळे त्यातील गृहीते तपासून पाहण्याची सवयही कमी होण्याचा संभव आहे.

ह्या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. यंत्रशाळेचे प्रतिरूप अचूक आहे किंवा नाही, ह्याची परीक्षा आकड्यांनी करता येते व ती केलीच पाहिजे. परंतु आकडे जुळले, एवढ्याने वर्णन पुरे होत नाही. लेथला किती वेळ लागेल, सेटिंग बदलण्यास किती, कोणता जॉब कोणत्या हाताने अधिक चांगला होतो, हे ज्याला माहीत असते तो त्या वर्णनात कर्ता आहे, करण आहे, की कोठेच नाही, हेही पाहावे लागते. टोकर, मार्कोविट्झ, गॉर्डन, डाल व न्यूगोर ह्यांनी यंत्रशाळेला भाषा दिली. ती भाषा कोणाच्या तोंडी असावी, हा प्रश्न विचारण्याचे श्रेय मात्र न्यूगोर ह्यांच्याइतकेच त्यांच्याबरोबर अभ्यासगटांत बसलेल्या धातुकामगारांकडे जाते.